परीक्षेची फी आणि वावराचे कान

माझ्या वडिलांचा एक नियम होता. वावरात, म्हणजे शेतात, उभं राहून वावराला नावं ठेवायची नाहीत. वावर ऐकतं, असं ते म्हणायचे. तूर जळो, कपाशीला अळी लागो, सोयाबीनच्या शेंगा पोचट निघोत, वावराच्या आत कुणी विचारलं, "कसं हाये पीक?" तर उत्तर ठरलेलं: "मस्त हाये." मग ते धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, गाडीरस्त्यावर यायचे, तिथं काढून ठेवलेल्या चपला पायात सरकवायचे, एकदा मागे वळून बघायचे आणि आवाज खाली आणून सांगायचे, "काहीच नाही राजा औंदा. पार वाटोळं झालं."

आई त्यांना यावरून चिडवायची. "वावराले कान हायेत अन् मले नाहीत काय? सारं रडगाणं मलेच आयका लागते." बाबा हसायचे, पण नियम मोडायचे नाहीत. मीही लहानपणापासून तो पाळत आले. कुणी मला तो शिकवल्याचं आठवत नाही. घरात चुलीला पाय लावत नाहीत, तितकंच ते साधं होतं.

आमचं गाव अकोटच्या पुढं, जिथून सातपुडा निळा दिसतो त्या पट्ट्यात. मी शिकायला होते अमरावतीला, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. माझ्यासोबत गावातलीच एक मैत्रीण होती. तिचे अब्बा गावातले शिंपी. बसस्टँडजवळ त्यांचं एका मशीनचं दुकान होतं आणि नाल्यापलीकडं दोन एकर कोरडवाहू वावर. मी त्यांना चाचा म्हणायचे, ती माझ्या वडिलांना काकाजी. बाबा आणि चाचा चौथीपर्यंत एका फळ्यासमोर बसलेले, त्यामुळं दोघांमध्ये अबेतुबेच चालायचं. बाबांचा प्रत्येक सदरा चाचांच्या मशीनवरचा. चाचांनी माप म्हणून कधी घेतलं नाही. बाबा दुकानात शिरले की नुसतं खालीवर बघायचे आणि म्हणायचे, "पोट सुटून राहिलं बे तुह्यं."

आम्ही दोघी अंजनगावावरून जाणाऱ्या एसटीनं अमरावतीला जायचो, एकाच खोलीत राहायचो, एकाच पुस्तकावर दोघी अभ्यास करायचो. रसायनशास्त्र तिला इतकं यायचं की मला राग यायचा. मी तिची वही बघून प्रॅक्टिकल लिहायचे आणि वर तिलाच अक्षर सुधार म्हणून सांगायचे. तिनं ते का ऐकून घेतलं, देव जाणे.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. जो तो आमची नापिकी बघायला यायचा. जीपगाड्या यायच्या, कॅमेरे यायचे, कुणी वही काढून विचारायचं, "किती नुकसान झालं?" बाबांना याची भयंकर चीड होती. ते अशा लोकांना वावरात नेऊन "मस्त हाये" म्हणायचे आणि पाणी पाजून परत पाठवायचे. "रडायले लागलं का वावर रुसते," असं म्हणायचे. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटायचा. आजही वाटतो, पण आता त्यात त्या हिवाळ्याची एक टोचणी आहे.

परीक्षेचे फॉर्म सुटले त्या दिवशी कॉलेजातल्या बड्या बाबूंनी आम्हाला खिडकीशी थांबवलं. बडे बाबू म्हणजे हेडक्लार्क. सुपारी चघळत बोलायचे आणि कामाचं तेवढंच बोलायचे. आमचं गाव विचारून म्हणाले, "फी भरायची घाई करू नका. ज्या गावाची पैसेवारी पन्नासच्या आत येते, तिथल्या पोरांची परीक्षा फी माफ हाये. आत्ता बिनाफीचा फॉर्म देऊन ठेवा. डिसेंबरात तलाठ्याचा दाखला आणा. नाही आणला तर फी, अन् वरून दंड."

पैसेवारी म्हणजे पीक किती आलं याचं सरकारी माप. शंभर पैसे म्हणजे भरगच्च पीक, पन्नासच्या आत म्हणजे नापिकी. गावातली काही वावरं निवडतात, त्यात दोरी लावून एक चौकोन आखतात, त्यातलं पीक कापून, मळून, त्याचं वजन करतात आणि त्यावरून साऱ्या गावाचा आकडा ठरतो. पन्नासच्या वर गेलं तर गाव सुखी. आत आलं तर सवलती.

मैत्रिणीनं तो बिनाफीचा फॉर्म दोन्ही हातांनी आत सरकवला. तिच्यासाठी ती गोष्ट साधी नव्हती. गावात पैसाच नव्हता, म्हणून सणाचं कापड शिवायला चाचांकडं कुणी येत नव्हतं. मशीनवर कापडाऐवजी धूळ बसली होती. चाचांनी तिला सांगून ठेवलं होतं, "फी माफ होत असन तं दे परीक्षा. नाही तं पुढच्या वर्षी देजो." पोरीच्या बाबतीत "पुढच्या वर्षी" म्हणजे काय, ते आमच्या गावात कुठल्याही घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्षी एक पाहुणा तिला बघायला येऊनही गेला होता.

फॉर्म दिल्यावर आम्ही दोघींनी गाड्यावर गिलावडा खाल्ला, वर दही आणि तिखट टाकून. ती इतकी खूश होती की तिनं माझीही प्लेट चाटूनपुसून संपवली. मी तिला म्हणाले, "आपलं गाव नापिकीत बसलं म्हणून एवढी खुशी? बाबा आयकतीन तं मारतीन." ती म्हणाली, "काकाजीले नको सांगजो वं." आम्ही खूप हसलो. पुढं काय होणार आहे याची आम्हाला काडीचीही कल्पना नव्हती.

दसऱ्याला मी घरी गेले. त्याच दोन दिवसांत पीक कापणीवाले साहेब गावात आले आणि निवडलेल्या वावरांत आमचं निघालं. मी वावरात चहाची किटली घेऊन गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. साहेबांनी कागदावरचा आकडा बघितला, कोपऱ्यापासून पावलं मोजली आणि दोरी नेमकी नाल्याकडच्या पट्ट्यात टाकली. तो पट्टा चिबड. पाणी साचून सोयाबीन पिवळं पडून सडलं होतं. इतकं की बाबांनी ते कापायचीही तसदी घेतली नव्हती. विहिरीजवळचा तुकडा मात्र देखणा होता. बाबांनी त्याच्यावर जीव टाकला होता.

साहेबांनी खुंटी ठोकायला घेतली तसा बाबांचा चेहरा पडला. घरी पाहुणे यावेत आणि त्यांनी नेमकं अडगळीचं दार उघडावं, तसं त्यांना झालं असावं. ते पुढं झाले. "साहेब, हे काय वावर हाये काय? इथं काय कापता? या, विहिरीकडं या."

"नंबर इथला निघाला नं, काका."

"नंबराचं काय घेऊन बसले? पीक पाहा नं आमचं. मस्त हाये."

साहेब तरुण होते, ऊन तापलं होतं, विहिरीजवळ सावली होती. त्यांनी दोरी गुंडाळली. आणि मी काय केलं? मी किटली उचलून पुढं चालू लागले आणि म्हणाले, "चहाही तिथंच देते, साहेब." विहिरीजवळचं सोयाबीन कापलं, मळलं, वजन झालं, तेव्हा बाबांची छाती दोन इंच फुगली होती. माझीही. बड्या बाबूंचं पन्नास पैशांचं बोलणं त्या वेळी मला आठवलं का? नाही आठवलं. शंभरदा स्वतःला विचारून पाहिलं आहे. खरंच नाही आठवलं. आपल्या बापाचं पीक चांगलं निघतंय हेच मी बघत होते.

दिवाळीनंतर कॉलेजच्या बोर्डावर गावांची यादी लागली. आमच्या आजूबाजूची सगळी गावं त्यात होती, आमचं नव्हतं. बडे बाबू म्हणाले, "तुमचं पन्नासच्या काठावर येऊन वर गेलं. थोडक्यात हुकलं बाप्पा." थोडक्यात म्हणजे किती, ते मला त्या क्षणी कळलं. विहिरीजवळचा तो एक चौकोन.

खोलीवर येऊन मैत्रिणीनं आपल्या वह्या एकावर एक रचल्या, सुतळीनं बांधल्या आणि माझ्याकडं सरकवल्या. "तुले कामात येतीन," म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. दोरी, खुंटी, किटली, सगळं. मला वाटलं ती चिडेल, निदान एक शिवी घालेल. ती म्हणाली, "काकाजी वावरात उभे राहून दुसरं काय बोलतीन?" तिनं मला शिवी घातली असती तर बरं झालं असतं. मी त्याच दुपारची एसटी पकडली.

बाबा वावरात होते. मी धुऱ्यावरूनच ओरडले, "बाबा, बाहेर या. वाईट बोलायचं हाये." ते आले, चपला घातल्या, आणि गाडीरस्त्यावर उभं राहून मी त्यांना जे सुचेल ते बोलले. तुमच्या मिजाशीपायी एका पोरीचं शिक्षण चाललं, असंही म्हणाले. बापाशी असं बोलायची आमच्याकडं पद्धत नव्हती. बाबांनी शेवटी एवढंच विचारलं, "तिच्या बापानं मले काहून नाही सांगितलं?"

"कसं सांगतीन? तुमाले वाईट वाटलं असतं."

बाबा तडक चाचांच्या दुकानावर गेले. मी मागून. फी मी भरतो, असं बाबा म्हणाले. चाचा मशीनला तेल देत होते. "तू माह्या पोरीची फी भरशील," ते म्हणाले, "मग मी तुह्या सदऱ्याची शिलाई कोन्त्या तोंडानं घेऊ बे?" बाबांनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. चाचांनी मान वर केली नाही. दोघं एकाच मातीचे, एक झाकावा आणि दुसरा काढावा. मग चाचाच म्हणाले, "तू खोटं थोडीच बोलला? तुह्यं विहिरीजवळचं पीक हायेच चांगलं." बाबा बाकावर टेकले. उठताना म्हणाले, "उद्या कचेरीत जातो."

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी अकोटला गेलो, तिथं कळलं की शेवटचा आकडा अजून ठरायचा आहे, हरकत असेल तर लेखी द्या, पण तहसीलदार साहेब अकोल्याला बैठकीला गेलेत. आम्ही तिथूनच अकोल्याची एसटी धरली. कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली टायपिंगवाला बसला होता. बाबांनी त्याला तोंडी सांगितलं आणि त्यानं खाडखाड टाइप करून दिलं: माझ्या शेतातील नाल्याकडील भाग चिबड असून तेथील पीक पूर्णपणे गेले आहे. पीक कापणीच्या वेळी मी साहेबांना तेथून विहिरीजवळ नेले, ही माझी चूक आहे.

बाबांनी बोट ठेवून एकेक शब्द वाचला. "यात यंदा नाही लिहिलं."

"अर्थ तोच होते, काका."

"तोच कसा होईन? हमेशासाठी खराब हाये काय माह्यं वावर?"

टायपिंगवाल्यानं पुन्हा टाइप करायचे वेगळे पैसे सांगितले. बाबांनी माझ्याकडून पेन घेतलं, ओळीच्या वर खूण करून आपल्या चौथीच्या अक्षरात "यंदा" लिहिलं, आणि मगच सही केली.

आत साहेबांनी अर्ज वाचला आणि चष्मा वर केला. "आधी स्वतःच चांगलं दाखवलं, आता स्वतःच वाईट म्हणता. खरं काय ते सांगा."

"दोन्ही खरं हाये, साहेब. विहिरीजवळचं चांगलंच हाये."

"आणि बाकीचं?"

बाबांची टोपी हातात होती, ती त्यांनी दोनदा उलटीसुलटी केली. मला वाटलं, ते आता "मस्त हाये" म्हणतात की काय. मग ते खिडकीकडं बघत म्हणाले, "माह्यं वावर गेलं औंदा, साहेब. त्याचा काही दोष नाही. मी पाणी काढून दिलं नाही."

गावाबाहेर, एका परक्या माणसासमोर, पंख्याखाली उभं राहून हे वाक्य बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आवरलं नाही. त्यांना मी इथवर आणलं होतं आणि मला त्याची लाजही वाटत होती आणि त्यांच्याबद्दल इतकं प्रेम कधी वाटलं नव्हतं. साहेबांनी अर्जावर लाल पेनानं शेरा मारला.

आठवड्यानं पाहणीला पुन्हा माणसं आली. चिबड पट्टा तसाच उभा होता, कारण तिथं कापण्यासारखं काही नव्हतंच. बाबा गाडीरस्त्यावरच थांबले. "तुमी पाहा," म्हणाले, "मी इथंच हावो." मला पुढं पाठवलं. त्यांच्यातल्या साहेबांनी सडलेल्या काड्यांवर पाय ठेवून विचारलं, "हेच का?" मी नुसती मान हलवली. मान हलवलेली वावराला ऐकू येत नाही, एवढी पळवाट मी शोधली होती.

आमचं गाव यादीत आलं. तलाठ्याचा दाखला घेऊन मी अमरावतीला गेले, तेव्हा मैत्रिणीनं तो हातात घेतला, वाचला, आणि सुतळीनं बांधलेल्या वह्या माझ्याकडून परत मागितल्या. मी एवढ्या दिवसांत त्यांतली एकही उघडून पाहिली नव्हती, यावरून तिनं मला मनापासून शिव्या दिल्या. मला फार बरं वाटलं. परीक्षेत तिला पहिला वर्ग मिळाला, मला दुसरा. बड्या बाबूंनी निकाल देताना विचारलं, "एका खोलीत राहून एवढा फरक?" तो पाहुणा पुन्हा काही आला नाही. ती पुढं बी.एड.ला गेली.

त्या उन्हाळ्यात बाबांनी एक कुदळ घेतली आणि नाल्याकडच्या पट्ट्यात चर खोदायला लागले. रोज सकाळी जायचे, ऊन चढलं की यायचे. आई म्हणाली, "आता काहून? इतके वर्ष तं सुचलं नाही." बाबा म्हणाले, "सही केली हाये मी. यंदा म्हणून लिहून देल्लं हाये. पुढल्या साली तसंच राहिलं तं माह्यी सही खोटी." चाचाही मशीन बंद असली की फावडं घेऊन जायचे. दोघांचं भांडण रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. पाऊस आला तेव्हा त्या पट्ट्यातलं पाणी चरातून नाल्यात गेलं, आणि बाबा ते बघत कितीतरी वेळ भिजत उभे राहिले.

आता बाबा नाहीत, चाचाही नाहीत. वावर आम्ही बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, कसायला दिलं आहे. मी अकोल्यात नोकरी करते आणि महिन्यातून एखाद्या रविवारी वावरात जाऊन येते. मैत्रीण एका शाळेत शिकवते. परीक्षेच्या फॉर्मच्या दिवसांत ती वर्गातल्या प्रत्येक पोराला त्याचं गाव विचारते आणि सवलतीचा कागद स्वतः भरून घेते. एकाही पोराचा दाखला राहिलेला चालत नाही तिला.

गेल्या हिवाळ्यात मी वावरात होते. बोंडअळीनं कपाशीची दैना केली होती. एक बोंड फोडलं तर आत काळं, दुसरं फोडलं तर आत काळं. तेवढ्यात तिचा फोन आला. शाळेतल्या कसल्याशा कामाचं बोलली आणि मग विचारलं, "वावरात हायेस काय? कसं हाये काकाजीचं वावर?"

"मस्त हाये," मी म्हणाले.

ती म्हणाली, "बरं. ये तू रस्त्यावर. मी फोन धरून ठेवते."

मी कपाशीतून चालत निघाले. तो चर ओलांडला, धुऱ्यावर आले, गाडीरस्त्यावर काढून ठेवलेल्या चपला पायात घातल्या. तोवर ती पलीकडं फोन धरून होती. मी मागे वळून एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून तिला सांगितलं, "काहीच नाही वं औंदा."

"औंदाच नं?" ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "औंदाच."